जाम झालेले इंजिन मोकळे करणे

दीर्घकाळ बंद राहिल्यामुळे ज्याचा क्रँकशाफ्ट फिरेनासा झाला आहे, अशा अंतर्ज्वलन इंजिनाचे अंतर्गत भाग इजा न होऊ देता पुन्हा हलते करण्याच्या प्रक्रियेस जाम झालेले इंजिन मोकळे करणे असे म्हणतात. अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या मोटारी, जीप, ट्रॅक्टर आणि शेतीपंपाची डिझेल इंजिने यांच्या बाबतीत या प्रक्रियेची गरज पडते. असे इंजिन बहुतेक वेळा निकामी झालेले नसते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये गंजाचा पातळ थर धरलेला असतो, एवढेच. हा थर योग्य द्रवाने आणि पुरेशा सवडीने सुटतो. याउलट बॅटरीचा किंवा दुसऱ्या वाहनाचा जोर लावून तो तोडण्याचा प्रयत्न केल्यास दुरुस्त होण्याजोगे इंजिन कायमचे बाद होऊ शकते.

प्रकार

इंजिन जाम होण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार केले जातात. पहिल्या प्रकारात इंजिन चालू असताना तेलाचा किंवा पाण्याचा अभाव होऊन ते अतितप्त होते. पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो किंवा बेअरिंगचा मऊ धातू वितळून क्रँकशाफ्टला चिकटतो. कार्यशाळेत यास 'इंजिन सीज झाले' असे म्हणतात. यात धातूचीच हानी झालेली असल्याने तेल ओतून उपयोग होत नाही. इंजिन उतरवून उघडावेच लागते.

दुसऱ्या प्रकारात इंजिन चालत्या स्थितीत बंद केलेले असते आणि नंतर महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे न फिरल्यामुळे गंजाने धरते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे. वाहन शेवटचे बंद केले तेव्हा ते स्वतःच्या शक्तीने येऊन उभे राहिले होते, की बिघडल्यामुळे ओढून आणले होते, एवढ्या माहितीवरूनही दोन्ही प्रकारांतील फरक पुष्कळदा उलगडतो.

कारणे

पिस्टन (दट्ट्या) आणि सिलिंडर यांमधील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी असते. पिस्टनभोवतीच्या रिंगा तर सिलिंडरच्या भिंतीला टेकलेल्याच असतात. इंजिन बंद केल्यावर भिंतीवर तेलाचा पातळ थर राहतो. पण कालांतराने तो ओघळून तळच्या तेलपात्रात, म्हणजे चेंबरमध्ये, उतरतो. उघड्या पडलेल्या लोखंडाचा दमट हवेशी संपर्क येताच त्यावर गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा किमान दुपटीने अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रिंगेच्या कडेला धरलेला गंज पाचरीसारखे काम करतो आणि पिस्टन जागच्या जागी आवळला जातो.

हवा सिलिंडरमध्ये कशी शिरते, हे चार फेरांच्या इंजिनाच्या रचनेवरून समजते. चार सिलिंडरचे इंजिन कोठेही थांबले तरी सर्वसाधारणपणे एक सिलिंडर शोषणाच्या, एक दाबाच्या, एक शक्तीच्या आणि एक निकासाच्या फेरात असतो. दाबाच्या व शक्तीच्या फेरातील सिलिंडरच्या दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. शोषणाच्या फेरातील सिलिंडर मात्र हवागाळणीच्या मार्गाने आणि निकासाच्या फेरातील सिलिंडर सायलेन्सरच्या मार्गाने बाहेरच्या हवेला उघडा राहतो. त्यामुळे चारही पिस्टन सारखेच धरले आहेत असे क्वचित आढळते. बहुधा एक किंवा दोन पिस्टन अडकतात आणि तेवढ्याने संपूर्ण क्रँकशाफ्ट अडून राहतो.

दमट हवेखेरीज पुढील कारणेही आढळतात.

• दवीकरण: इंजिनाचा ओतीव ठोकळा वजनदार असल्याने तो सावकाश तापतो. रात्री थंड झालेल्या ठोकळ्याला सकाळची दमट हवा लागली, की थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटावे तसे आतील पृष्ठभागावर दव धरते.
• गॅसकेटची गळती: हेड गॅसकेट खराब झालेले असल्यास रेडिएटरचे पाणी थेंबाथेंबाने सिलिंडरमध्ये उतरते. ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर अशा वेळी पांढरी भुकटी साचलेली दिसते.
• इंधनाचा चिकटा: जुने पेट्रोल उडून गेल्यावर मागे राळेसारखा चिकट थर राहतो. त्यामुळे झडपांच्या दांड्या त्यांच्या मार्गदर्शक नळ्यांत चिकटतात.
• उंदीर व कीटक: हवागाळणीच्या डब्यात किंवा सायलेन्सरमध्ये केलेली घरटी ओलावा धरून ठेवतात.
• उघडी राहिलेली छिद्रे: स्पार्क प्लग काढून ठेवलेले किंवा कार्ब्युरेटर उतरवलेला असल्यास पावसाचे पाणी सरळ आत जाते.

हवामानाचा प्रभाव

महाराष्ट्रात कोकण आणि विदर्भ या दोन प्रदेशांत गंज धरण्याची रीत निराळी आहे. कोकण किनारपट्टीवर हवेत वर्षभर ओलावा आणि क्षार असल्याने गंज अखंड वाढतो. पश्चिम विदर्भात, उदाहरणार्थ वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन परिसरात, उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. उन्हाळ्याच्या तापाने तेल पातळ होऊन लवकर ओघळते, रबरी नळ्या व सील कडक होऊन तडकतात आणि पाठोपाठ येणाऱ्या पावसाळ्यात उघड्या धातूवर गंज चढतो. पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या वाहनावर पाऊस पडत नसला, तरी दिवसा तापणे व रात्री निवणे चालूच राहते. त्यामुळे केवळ छप्पर असणे हे पुरेसे संरक्षण ठरत नाही.

निदान

स्टार्टर दिल्यावर नुसता 'टक्' असा आवाज येणे म्हणजे इंजिन जाम असणे नव्हे. उतरलेली बॅटरी, गंजलेली टर्मिनले किंवा फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकलेला स्टार्टरचा दंतचक्री भाग यांमुळेही तसेच लक्षण दिसते. म्हणून बॅटरीची तार सोडवून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावून पुढील क्रमाने तपासणी केली जाते.

१. इंजिन ऑइलची काडी पाहणे. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे.
२. पंख्याचा पट्टा काढणे. पाण्याचा पंप किंवा अल्टरनेटर अडकला असल्यास पट्टा निघताच इंजिन मोकळे फिरते.
३. स्टार्टर उतरवणे. दोष त्याचाच असल्यास येथेच समजते.
४. सर्व स्पार्क प्लग काढणे. सिलिंडरमध्ये पाणी किंवा पेट्रोल भरले असल्यास द्रव दाबला जात नसल्यामुळे पिस्टन वर येऊ शकत नाही. प्लग काढल्यावर ही अडचण दूर होते. डिझेल इंजिनात यासाठी इंजेक्टर काढावे लागतात.
५. प्लगच्या छिद्रातून बारीक कॅमेरा किंवा विजेरीच्या साहाय्याने आत पाहणे.
६. क्रँकशाफ्टच्या पुलीच्या बोल्टला सॉकेट व लांब दांड्याचा पाना लावून हाताच्या मध्यम जोराने फिरवून पाहणे.

काढलेले प्लग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवतात. एखादा प्लग तांबूस गंजलेला असल्यास तोच सिलिंडर दोषी असण्याचा संभव अधिक असतो.

मोकळे करण्याची पद्धत

द्रव भिजवणे

प्लगच्या छिद्रातून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंजात झिरपणारा द्रव ओतला जातो. यासाठी बाजारात मिळणारे गंज सोडवणारे तेल, डिझेल व पातळ इंजिन ऑइल यांचे मिश्रण, रॉकेल किंवा ऑटोमॅटिक गिअरचे तेल व ॲसिटोन यांचे समभाग मिश्रण वापरण्याची पद्धत आहे. पातळ घटक फटीत शिरतो आणि जड घटक मागे राहून वंगणाचे काम करतो. द्रव पिस्टनचा संपूर्ण माथा झाकेल इतका असावा लागतो. तिरप्या बसवलेल्या इंजिनात तो एका बाजूस साचत असल्याने मात्रा अधिक लागते.

द्रवाची पातळी दररोज काडीने मोजली जाते. पातळी उतरणे हे शुभलक्षण मानतात, कारण द्रव रिंगांभोवतीच्या फटीतून खाली जात असल्याचे त्यावरून कळते. ज्या सिलिंडरमधील पातळी कित्येक दिवस मुळीच हलत नाही, तेथे गंजाने वाट पूर्ण बुजवलेली असण्याची शक्यता असते. भिजवण्याचा काळ दोन-चार दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत असू शकतो. या काळात खाली उतरलेला द्रव चेंबरमधील तेलात मिसळत असल्याने ते तेल पुढे बदलावेच लागते.

हाताने फिरवणे

पुरेसे भिजल्यानंतर पुलीच्या बोल्टवर पाना लावून प्रथम इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने व नंतर किंचित उलट असा हलका दाब दिला जातो. उलट दिशेने जोर लावल्यास पुलीचा बोल्टच ढिला होत असल्यामुळे तिकडचा दाब अल्प ठेवतात. जुन्या अनेक गाड्यांना पुढून हँडल मारण्याची सोय असे. तिचाही येथे उपयोग होतो. पाना एक-दोन अंशांनी जरी सरकला, तरी थांबून पुन्हा द्रव घातला जातो. पुढे-मागे हलवण्याच्या या क्रियेमुळे गंजाची भुकटी सुटते आणि द्रव नव्या जागी पोचतो. एकाच झटक्यात पूर्ण फेरा काढण्याचा मोह टाळावा लागतो, कारण सुटलेली भुकटी रिंगेखाली सापडल्यास सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे उमटतात.

फिरता फिरता क्रँकशाफ्ट एका ठरावीक जागी ठाम अडत असेल, तर उघड्या अवस्थेत चिकटलेल्या झडपेला पिस्टन टेकत असण्याचा संभव असतो. अशा वेळी व्हॉल्व्हचे झाकण काढून सर्व झडपा वर-खाली होत आहेत की नाही, हे पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत.

उष्णतेचा उपयोग

ॲल्युमिनियम उष्णतेने ओतीव लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर लोखंडाचा असल्यास ठोकळा कोमट करणे व निवू देणे असे काही वेळा केल्याने दोन्ही धातूंची असमान हालचाल होऊन गंजाची पकड ढिली पडते. यासाठी रेडिएटरच्या मार्गाने गरम पाणी खेळवणे ही सौम्य रीत होय. ज्वलनशील द्रव भरलेल्या इंजिनाजवळ गॅसची शेगडी किंवा ब्लो लॅम्प लावणे जिवावर बेतू शकते.

हेड उतरवणे

भिजवूनही इंजिन सुटत नसल्यास हेड उतरवले जाते. पिस्टनच्या वर उघड्या राहिलेल्या भिंतीवरील गंज बारीक पॉलिश पेपरने साफ करतात. कारण पिस्टन वर सरकावयाचा झाल्यास तो या गंजावरूनच जाणार असतो. त्यानंतर पिस्टनच्या माथ्यावर कठीण लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर हातोडीने हलके ठोके देतात. ठोके माथ्याच्या मध्यावर न देता कडेकडेने देतात. लोखंडी पहार थेट पिस्टनवर ठेवल्यास माथ्याला भोक पडू शकते.

तरीही यश न आल्यास चेंबर उतरवून कनेक्टिंग रॉडच्या टोप्या एकामागून एक सोडवल्या जातात. ज्या रॉडची टोपी सुटताच क्रँकशाफ्ट फिरू लागतो, त्याचाच पिस्टन अडकलेला असतो. अशा रीतीने दोष एका सिलिंडरपुरता मर्यादित करून उरलेले इंजिन वाचवता येते. गंजाने खोल खड्डे पडलेला सिलिंडर लेथ कारखान्यात बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घातला जातो किंवा नवी स्लीव्ह बसवली जाते.

टाळावयाच्या गोष्टी

जाम इंजिनाची सर्वाधिक हानी पहिल्या अर्ध्या तासात, उत्साहाच्या भरात होते. पुढील चुका विशेष आढळतात.

• वारंवार स्टार्टर मारणे: स्टार्टरची मोटार जळते किंवा फ्लायव्हीलचे दाते तुटतात.
• गिअरमध्ये टाकून ओढणे: दुसऱ्या वाहनाने टोचन करून ओढताना चाकांमार्फत क्रँकशाफ्टवर फार मोठा जोर येतो. गंजाने धरलेली रिंग जागची हलत नाही आणि तिच्या खोबणीच्या कडा तुटतात किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन 'सुटले' असे वाटते. परंतु सुरू झाल्यावर ते धूर ओकते.
• पान्याला लांब पाइप लावून लटकणे: पुलीचा बोल्ट तुटतो आणि त्याचा उरलेला भाग क्रँकशाफ्टमध्ये राहतो.
• प्लग न काढता फिरवणे: सिलिंडरमध्ये द्रव असल्यास रॉड वाकतो.

मोकळे झाल्यानंतर

क्रँकशाफ्टचा पूर्ण फेरा निघाला म्हणजे इंजिन सुरू करण्यास योग्य झाले, असे नव्हे. प्रथम प्लगची छिद्रे कापडाने झाकून ते हाताने अनेक वेळा फिरवतात. या वेळी आतील द्रव जोराने बाहेर उडतो. चेंबरमधील तेल काढून टाकून नवे तेल व नवी गाळणी घालतात. त्यानंतर प्लग न लावताच स्टार्टरने थोडा थोडा वेळ फिरवून तेलाचा दाब निर्माण होऊ देतात, जेणेकरून कोरड्या बेअरिंगवर भार येत नाही. यानंतर प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला जातो. आरंभी दाब कमी भरल्यास लगेच निराश होण्याचे कारण नसते. खोबणीत चिकटलेल्या रिंगा इंजिन काही काळ चालल्यावर मोकळ्या होऊन दाब सुधारल्याचे पुष्कळदा आढळते.

इंधनव्यवस्था स्वतंत्रपणे साफ करावी लागते. टाकीतील जुने पेट्रोल टाकून दिले जाते. भारतात इथेनॉलमिश्रित पेट्रोल वापरात आहे. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेल्यावर पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी साचते. त्यामुळे टाकी आतून गंजते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या या इंधनासाठी बनवलेल्या नसल्याने त्या बदलणे इष्ट ठरते.

पहिल्यांदा सुरू केल्यावर भिजवलेले तेल जळत असल्यामुळे काही मिनिटे दाट धूर येतो. तो ओसरला नाही, तर रिंगा तुटल्याची शंका घेतली जाते. वाहन रस्त्यावर नेण्यापूर्वी ब्रेक तपासणे अनिवार्य असते, कारण इंजिनाप्रमाणेच ब्रेकचे सिलिंडरही गंजाने धरलेले असतात.

सुरक्षितता

ॲसिटोन, पेट्रोल व रॉकेल यांच्या वाफा पेट घेतात. त्यामुळे काम मोकळ्या हवेत, ठिणगी व विडी-सिगारेट दूर ठेवून केले जाते. डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे घालतात. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये तेल साचून राहिल्यास सुरू होताच ते तेल इंधनाप्रमाणे जळते आणि इंजिनाची गती आवरेनाशी होऊ शकते. म्हणून सिलिंडर पूर्ण रिकामा झाल्याची खात्री करून घ्यावी लागते. वापरलेले तेल विहिरीजवळ, नाल्यात किंवा शेतात न ओतता जुने तेल गोळा करणाऱ्यांकडे दिले जाते.

महाराष्ट्रातील संदर्भ

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० ही मोटार तयार होत असे. १९७० च्या दशकात तिला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. १,०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे, चार सिलिंडरचे तिचे पेट्रोल इंजिन महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांच्या मिस्त्रींच्या हाताखालून गेले आहे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून प्रसिद्ध असलेली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून निवृत्त झाली. उत्पादन थांबून दोन दशके उलटल्यामुळे अशा गाडीचा एखादा पिस्टन किंवा रॉड मोडला, तर तो सहज मिळत नाही. अंगणात किंवा गॅरेजमध्ये उभी असलेली घरातील जुनी मोटार पुन्हा चालू होणार, की भंगारात जाणार, हे त्यामुळे पुष्कळदा इंजिन सोडवताना दाखवलेल्या संयमावरच अवलंबून असते.

ग्रामीण भागात हीच पद्धत शेतीच्या ऑइल इंजिनांना लागू पडते. विजेचे पंप आल्यानंतर विहिरीवरची अनेक डिझेल इंजिने बाजूला पडली. एकच सिलिंडर, बाहेरून दिसणारे जड चाक आणि हँडलची सोय यांमुळे अशी इंजिने मोटारीच्या तुलनेने सहज तपासता येतात.

कायदेशीर बाजू

भारतात खाजगी मोटारीची प्रथम नोंदणी १५ वर्षांसाठी असते व त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिनाचा क्रमांक नमूद असल्याने इंजिन बदलल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मान्यता घ्यावी लागते. मूळ इंजिन वाचवण्याचा हा एक व्यावहारिक लाभ आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये ठरवण्यात आले. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असणे आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसणे आवश्यक असते.

प्रतिबंध

वाहन दीर्घकाळ उभे ठेवावयाचे असल्यास इंजिन गरम असतानाच जुने तेल काढून नवे भरले जाते, कारण वापरलेल्या तेलातील आम्ल व ओलावा धातूला मारक असतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून क्रँकशाफ्ट हाताने काही फेरे फिरवतात. हवेचे तोंड व सायलेन्सरचे तोंड तेलकट कापडाने बंद करून तशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधतात. बॅटरीची तार सोडतात.

अधूनमधून पाच मिनिटे इंजिन चालू करून ठेवण्याची प्रथा प्रचलित असली, तरी ती हितकारक नाही. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरेसे तापण्यापूर्वीच बंद केल्यास ही वाफ आतच थंड होऊन पाणी बनते. त्यामुळे इंजिन चालवायचेच असल्यास ते पूर्ण तापेपर्यंत, शक्य तर रस्त्यावर, चालवावे; अन्यथा दर महिना-दोन महिन्यांनी प्लग काढून ते हाताने दोन-चार फेरे फिरवणे अधिक उपयुक्त ठरते.

हे सुद्धा पहा

• अंतर्ज्वलन इंजिन
• गंज
• वंगण
• प्रीमियर पद्मिनी
• वालचंद हिराचंद